चार बोटांची फट

कोंबड्यांच्या खुराड्याचे समोरून, बाजूने आणि वरून असे तीन नकाशे काढणारी पुण्यातली मी बहुधा पहिलीच बाई असेन. नुसते काढले नाहीत, एकास दहा प्रमाणात काढले, उजव्या कोपऱ्यात खाली चौकट आखली, तारीख घातली आणि सवयीने सहीसुद्धा ठोकली. तीस वर्षं तंत्रनिकेतनात मुलांना इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवलं. रेघ जरा हलली की कागद परत करायची आणि वर विचारायची, "हे हाताने काढलंत की पायाने?" मुलं मला घाबरायची आणि मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात या आवडीचा वाटा मोठा आहे.

माझं माहेर नारायण पेठेतलं. तिथे अंडं हा शब्दसुद्धा स्वयंपाकघराच्या बाहेर जाऊन उच्चारत असत. लग्नानंतर मी टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या जुन्या सोसायटीत आले. चार खोल्यांचा बैठा बंगला, मागे अंगण, अंगणात एक चिकू, एक कढीपत्ता आणि धुण्याचा दगड. नवरा गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. मुलगा आयटीत आहे. त्याने कंपनीतलीच मुलगी पसंत केली, ती भंडाऱ्याकडची. शेतीवाडीतलं घर, सगळं खाणारं. मी काही विरोध केला नाही. मागच्या पडवीत तिच्यासाठी वेगळी शेगडी, वेगळा तवा आणि वेगळी दोन भांडी ठेवली आणि मी किती पुढारलेली आहे हे चार ठिकाणी सांगून आले.

सून शांत होती. मला "आई" म्हणायची, सांगितलेलं ऐकायची. एखादी गोष्ट एकदाच सांगायची, तीही हळू. दुसऱ्यांदा सांगायची तिची पद्धत नव्हती. मला वाटायचं, हिला फारसं काही म्हणायचं नसतं.

तिला सातवा लागला तेव्हा मी डोहाळजेवण घातलं. रविवार होता. झोपाळ्याला फुलं बांधली होती, फुलांचे दागिने मंडईतून सकाळीच आले होते, चाळीस बायका चार वाजता येणार होत्या. मी नारळीभाताचा नारळ खवत होते. सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आई, बाळ हलत नाहीये आज," ती म्हणाली.

मी खवणीवरून मानही वर केली नाही. म्हटलं, "गडबडीत तुझं लक्ष नसेल. काहीतरी गोड खाऊन डाव्या कुशीवर पड, हलेल." ती तशीच उभी होती. मग मी म्हणाले, "अगं, आज शुभ दिवस आहे. आज कुठे दवाखान्याच्या पायऱ्या चढतेस? कार्यक्रम आटपू दे, उद्या सकाळी पहिलं काम तेच करू." ती बरं म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी तिने हिरवं लुगडं नेसलं, झोपाळ्यावर बसली. मी विधवा, म्हणून ओटी शेजारच्या वहिनींनी भरली. हे असलं मी मानत नाही, पण लोक मानतात म्हणून मीही मानते, हा माझा पुढारलेपणा. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या. तिने डावी उघडली. बर्फी निघाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मुलगी होणार म्हणून. सून हसली. तिचा एक हात सगळा वेळ पोटावर होता. ते मी पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं, फोटोत छान दिसेल.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाळाचे ठोके सापडले नाहीत. तिला तरीही बाळंत व्हावंच लागलं. मुलगीच होती. डॉक्टरीणबाईंनी माझ्या मुलाला सांगितलं की आदल्या दिवशी आणलं असतं तरी बाळ वाचलं असतं की नाही, सांगता येत नाही. मी बाजूला उभी होते. "सांगता येत नाही" हे शब्द मी तेव्हापासून रोज गिळते आहे.

सुनेने त्या सकाळचं नवऱ्याला सांगितलं नाही. मी वाट पाहत होते, आज सांगेल, उद्या सांगेल. तो तिच्यासमोर मला विचारायचा, "आई, आपल्याला आधी काहीच कसं कळलं नाही गं?" ती खाली बघायची आणि मी गॅस बारीक करायला आत जायची. घरात ही गोष्ट फक्त आम्हा दोघींना ठाऊक होती. ती मला वाचवत होती की माझ्याकडून काही अपेक्षा धरून बसली होती, मला कळत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती.

चार महिने ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही. नोकरीवरची रजा वाढवत राहिली. जेवायला बोलावलं की यायची, दोन घास खायची. मुलगा तिला म्हणायचा, "अगं, समुपदेशनाला जाऊ, सुट्टी घेऊन कुठेतरी जाऊ, तू फक्त सांग." ती म्हणायची, "माझ्या बाबांकडे जाते." आणि तो गप्प बसायचा, कारण ती परत येण्याबद्दल काही बोलायची नाही. ती गेली तर ती या घरात पुन्हा येणार नाही, हे मला दिसत होतं. आणि ती का येणार नाही, हे फक्त मलाच दिसत होतं.

दुपारी ती वडिलांना फोन लावायची. एकदा मी वाळलेले कपडे द्यायला गेले तर दार अर्धं उघडं होतं. फोन उशीवर ठेवलेला, आवाज मोठा केलेला. पलीकडून तिचे वडील बोलत नव्हतेच. नुसता क्वॉक क्वॉक असा आवाज. मग वडिलांचा आवाज आला, "आयक बाई, हे लालवाली तुले विचारून राहिली." तिने डोळे मिटले होते. बाप रोज दुपारी अंगणात जाऊन कोंबड्यांजवळ फोन ठेवायचा आणि लेक अर्धा तास तेवढंच ऐकायची.

मी कपडे दाराशी ठेवले आणि मागच्या अंगणात गेले. टेप आणली आणि मोजायला लागले.

माफी मागणं मला कधी जमलेलं नाही. ड्रॉइंग मात्र जमतं. माळ्यावरचा ड्रॉइंगचा फळा खाली काढला, टी-स्क्वेअर पुसला, दोन दिवस खपून नकाशा केला. आठ फूट लांब, चार रुंद. एका टोकाला पायांवर उभं बंद खोकं, रात्री झोपायला आणि अंडी घालायला. बाकी जाळीचं मोकळं अंगण. लोखंडी अँगलची चौकट, वर पत्रा. मांजरांचा विचार करून कडीला दुहेरी खिट्टी. मुलाला दाखवलं तर तो आधी नकाशाकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. "आई, सिरियसली? तू? कोंबड्या?" मी म्हणाले, "मी खाणार नाहीये, बांधणार आहे." त्याला रडू आलं. त्याला वाटलं, आई किती मोठ्या मनाची आहे. मी ते तसंच वाटू दिलं.

या नकाशात मला सर्वांत जास्त अभिमान कशाचा असेल तर तो जमिनीचा. आमच्या माहेरी धुतल्याशिवाय काही घरात येत नसे. लिमलेटच्या गोळ्या सोडल्या तर सगळं धुऊन घ्यायचे. कोंबड्यांची घाण अंगणात साचणार या कल्पनेनेच मला शहारे येत होते. म्हणून मी खाली सिमेंटचा कोबा करायचा ठरवला, न्हाणीघराला देतात तसा उतार दिला, आणि मागच्या बाजूला, कुंपणाच्या भिंतीकडे, जाळीखाली चार बोटांची फट ठेवली. सकाळी पाइप लावायचा, सगळं पाणी फटीतून भिंतीकडच्या पन्हळीत. नकाशावर त्या फटीला बाण काढून मी लिहिलं, निचरा.

वेल्डर कात्रजच्या पुढच्या गावातला होता, पन्नाशीचा. त्याने नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि विचारलं, "मॅडम, ह्ये कोंबडीसाठी हाय का इमानासाठी?" मी म्हटलं, "माप वाचता येतं ना? मग विमान समजूनच करा." बोहरी आळीतून जाळी मी स्वतः निवडून आणली.

काम सुरू झालं तशी सून खिडकीत येऊन उभी राहायला लागली. तिसऱ्या दिवशी ती पडवीत आली. पाचव्या दिवशी अंगणात उतरली. चार महिन्यांत पहिल्यांदा तिच्या पायांत चपला दिसल्या. मी काही बोलले नाही, बोलले असते तर ती परत आत गेली असती. तिने दगडावर पसरलेला नकाशा वाकून बघितला. बोटाने फटीवरचा बाण दाखवून म्हणाली, "हे काय आहे, आई?"

मी अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं.

"धुवायचंच नसते," ती म्हणाली. "कोंबडीच्या पायाखाली ओल नको. कोंडा टाकायचा, वरून राख."

"म्हणजे कधीच धुवायचं नाही?"

"कोंडा बदलायचा. आणि ही फट बुजवा. मुंगूस शिरते."

आता मुंगसाचं सांगायला हवं. टेकडीवरून एक मुंगूस आमच्या भिंतीवर रोज येत असे. खुराड्याची पहिली चौकट उभी राहिली त्या सकाळी ते भिंतीवर येऊन थांबलं होतं आणि मी हातातली टेप खाली ठेवून त्याला हात जोडले होते. लहानपणी आम्ही पेठेतल्या बोळात मुंगूस दिसलं की त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. तोंड दिसलं की दिवस चांगला. परीक्षेला जाताना दिसलं तर पेपर सोपा. मी तशी देवभोळी नाही, पण मुंगूस दिसलं की हात आपोआप जुळतात. त्या दिवशी मला वाटलं होतं, चला, कुणीतरी माझी बाजू घेतली.

म्हणून मी सुनेला म्हणाले, "अगं, मुंगूस दिसणं शुभ असतं. पहिल्याच दिवशी दर्शन दिलंय त्याने."

"आमच्याकडे मुंगसाला कोंबडीचोर म्हणतात," ती म्हणाली.

"तुमच्याकडे काहीही म्हणत असतील," मी म्हणाले.

ती हसली नाही, रागावलीही नाही. नकाशा वाऱ्याने उडत होता, त्याच्यावर तिने एक दगड ठेवला आणि आत गेली. एकदाच सांगितलं, हळू.

बाकीचं मी तिचं ऐकलं, हे मी माझ्या बाजूने नेहमी स्वतःला सांगते. बसायच्या दांड्या मी जिन्यासारख्या वरखाली काढल्या होत्या. ती म्हणाली, सगळ्या वरच्या दांडीसाठी भांडतात, एका उंचीवर करा. केल्या. अंड्याच्या कप्प्यात उजेड नको म्हणाली, पडदा लावला. कोंडा आणि राखसुद्धा टाकली. म्हणजे पाणी ओतायचा प्रश्नच उरला नव्हता आणि त्या फटीला काही कामही नव्हतं. तरी ती राहिली, कारण ती नकाशात होती आणि नकाशावर माझी सही होती.

कोंबड्या आणायला आम्ही दोघी गेलो. स्वारगेटवरून बस पकडून शहराच्या कडेच्या एका गावातल्या आठवडे बाजारात उतरलो. कोंबडा आणायचा नाही असं ठरलं होतं, पहाटे आरवला असता तर सोसायटीने आम्हालाच खुराड्यात घातलं असतं. चार तलंगा घ्यायच्या, म्हणजे अजून अंडं न दिलेल्या तरण्या कोंबड्या. सुनेने एकेक उचलली, पंख उचलून पाहिला, छातीचं हाड चाचपलं, पायांचे तळवे बघितले. विकणारी बाई म्हणाली, "पोरगी जाणती हाय. मावशी, तुम्ही धरून बगा की." मी दोन पावलं मागे सरले. परतताना टोपली सुनेच्या मांडीवर होती आणि ती सगळ्या रस्ताभर टोपलीच्या भोकांतून बोट आत घालून काहीबाही बोलत होती. तिचा तो आवाज मी ऐकलाच नव्हता. पोटातल्या बाळाशी ती असंच बोलायची का, असं माझ्या मनात आलं आणि मी खिडकीबाहेर बघत बसले.

पुढचे दोन महिने आमच्या घरात बरे गेले. ती पहाटे उठायची, दिवसभर कोंबड्यांपाशीच असायची. राखेत पाय रोवून खुराड्यात बसायची, कोंबड्या तिच्या ओढणीचे काठ टोचायच्या. जेवायला लागली. एकदा तिला मोठ्याने हसताना ऐकून मुलगा लॅपटॉप तसाच टाकून अंगणात धावला. आता बापाला फोन लागला की इकडच्या कोंबड्या तिकडे ऐकवल्या जायच्या. पहिलं अंडं आलं त्या दिवशी ती ते ओंजळीत घेऊन माझ्याकडे आली. "धरून बघा आई, गरम आहे." मी म्हटलं, "राहू दे, तुझ्याच हातात छान दिसतं." तिने ओंजळ मागे घेतली. किती साधी गोष्ट होती. हात पुढे करायला काय झालं होतं मला?

मग एक दिवस ती म्हणाली, "आई, सोमवारपासून ऑफिसला जाते. आधी अर्धा दिवस." मला इतका आनंद झाला की मी देवापुढे साखर ठेवली. रविवारी ती खुराडं झाडत होती, मी कढीपत्ता तोडत होते. ती फटीपाशी उकिडवी बसली होती. "आई, ती फट," ती म्हणाली. तिच्या स्वभावात नसताना दुसऱ्यांदा म्हणाली. मी म्हणाले, "अगं हो. वेल्डर शनिवारी येणार आहे गेट दुरुस्त करायला, तेव्हा पट्टी मारून घेऊ. आठवड्याने काय बिघडतंय?"

दोन विटा लावल्या असत्या तरी भागलं असतं. विटा चिकूखाली पडलेल्या होत्या.

सोमवारी ती नऊला निघाली. निघताना मला म्हणाली, "लक्ष ठेवा हं." मी तिच्या हातावर दही दिलं. अकराच्या सुमाराला मी पडवीत आले तर मुंगूस भिंतीवर होतं. ऊन चांगलंच होतं, त्याचं अंग सोनेरी दिसत होतं. त्याने माझ्याकडे तोंड वळवलं. मी हात जोडले. पोरीचा पहिला दिवस, म्हटलं, बघ कसा शकुन झाला. आणि खूश होऊन ती आल्यावर खायला म्हणून आत जाऊन शिरा करायला घेतला.

रवा भाजत असताना कोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला. अंडं घातल्यावर कोंबडी ओरडते, हे मी एव्हाना शिकले होते. माझ्या मनात आलं, आज दोघींनी एकदम घातलं वाटतं. मी रवा परतत राहिले. कलकलाट वाढला आणि एकदम कमी झाला. त्या कमी होण्यानं माझा हात थांबला.

धावत गेले. तीन खाली पडल्या होत्या. कोंडा सगळा उधळला होता. चौथी खोक्याच्या वर, पत्र्याला चिकटून बसली होती. मुंगूस एकीच्या मानेला धरून तिला फटीकडे ओढत होतं. मी जाळीवर उलथनं आपटलं, ओरडले. त्याने तिला सोडलं, क्षणभर थांबून माझ्याकडे पाहिलं, आणि चार बोटांच्या त्या फटीतून इतक्या सहज निघून गेलं, की मी ती त्याच्याच मापाने आखली होती असं वाटावं. मी तिथेच कोब्यावर बसले. आत रवा करपल्याचा वास येत होता. मी रडले नाही. मला नुसती भीती वाटत होती. दीड वाजता ती येणार होती.

मी मेलेल्या कोंबड्या उचलू शकले असते, निदान एखाद्या पोत्याखाली झाकू शकले असते. पण माझे हात पुढे झाले नाहीत. मी तिथेच बसून राहिले आणि ती आली तेव्हाही तिथेच होते. खांद्यावरची बॅग तिने धुण्याच्या दगडावर ठेवली.  आत वाकून तिघींना एकेक करून बाहेर काढलं, पंख सरळ केले, मान नीट ठेवली. चिकूखाली खड्डा खणायला घेतला. मी म्हटलं, "मी खणते." ती म्हणाली, "नको." एवढंच.  पूर्वीसारखी खोलीत जाऊन पडून राहिली नाही, हेच त्यातल्या त्यात बरं. पण मी तिच्या कपाटाचं दार उघडल्याचा आवाज ऐकला आणि मला वाटलं, बॅग भरते आहे.

मुलगा साडेसहाला आला. दारातच मी त्याला मुंगसाचं सांगितलं, तो तसाच मागे आला. सून खुराड्याच्या दाराशी उरलेल्या कोंबडीला मांडीवर घेऊन बसली होती. तो खाली वाकला, फट बघितली आणि संतापला. "हे उघडं ठेवलं कोणी? एवढं सगळं करून खाली ओपन? कॉमन सेन्स आहे की नाही कुणाला? कुणालाच सुचलं नाही?"

सून म्हणाली, "माझंच चुकलं. मी बघायला पाहिजे होतं."

ती हे इतक्या सहज म्हणाली की मला कळलं, तिला याची सवय झाली आहे. सहा महिने ती हेच करत होती. माझं पाप तिने स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि मी तिला घेऊ दिलं होतं. 

"तिने सांगितलं होतं," मी म्हणाले. "बुजवा म्हणून. दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही."

"मग ऐकायचं ना, आई!" तो म्हणाला.

"आणि त्या दिवशीही सांगितलं होतं," मी म्हणाले.

"कुठल्या दिवशी?"

"डोहाळजेवणाच्या. बाळ हलत नाही म्हणाली होती मला. मी म्हटलं, शुभ दिवस आहे, उद्या जाऊ."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने तिच्याकडे बघितलं. ती कोंबडीच्या पाठीवरून हात फिरवत होती. त्याचा आवाज अगदी लहान झाला. "कधी सांगितलं होतं? संध्याकाळी?"

मी म्हणाले, "सकाळी."

"साडेनऊला," सून म्हणाली. मान वर न करता, हळू. "साडेनऊला सांगितलं होतं, आई. पाहुणे चारला आले."

मला वाटतं तो मला काहीतरी बोलला असता तर बरं झालं असतं. तो पडवीच्या पायरीवर बसला, दोन्ही हातांत डोकं धरून. पुढे बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतंच बोलला, आणि अजूनही बोलताना तो मधेच थांबतो तेव्हा मला ठाऊक असतं की तो मनातल्या मनात तास मोजतो आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या वेळी मात्र मी त्याच्याकडे जाऊ शकत नव्हते आणि तिच्याकडेही. मी चिकूखाली गेले. दोन विटा उचलल्या, आणून फटीला लावल्या. अजून जागा उरत होती. आणखी दोन आणल्या. सून बघत होती.

"पुरे?" मी विचारलं.

"बाजूला पण," ती म्हणाली.

मी बाजूलाही लावल्या. हात मातीने भरले होते, गुडघे दुखत होते. उठता येईना. "चुकलं माझं गं," मी जमिनीकडे बघत म्हणाले. हे तीन शब्द बोलायला मला सहा महिने आणि तीन कोंबड्या लागल्या. तिने बरं म्हटलं नाही, असू दे म्हटलं नाही. ती उठली. भेदरलेली ती कोंबडी अजून तिच्या हातांत थरथरत होती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"धरा," ती म्हणाली. "मला हात धुवायचेत."

आयुष्यात मी कोंबडीला हात लावला नव्हता. मी मातीचे हात पुसले आणि पुढे केले. कोंबडी अपेक्षेपेक्षा हलकी होती, नुसती पिसं आणि ऊब. तिने पाय झाडले तशी मी घाबरून तिला छातीशी गच्च दाबून धरली. सून नळाकडे निघाली होती. ती मागे वळली.

"इतकी घट्ट नका धरू," ती म्हणाली. "हलू द्या तिला, आई."

मी हात सैल केले.